बिनखुणेचा पाव

“सहा पावांवर खूण कर. सातवा तसाच ठेव. आणि कुणाला सांगू नकोस.”

आईचा आवाज. पन्नास वर्षांपूर्वीचा, पहाटेच्या खाकरण्यासकट. रहिमोला तो ऐकू आला भर दुपारी, प्रदर्शनाच्या दालनात, एका हातभर लांबीच्या चित्रासमोर. तिने चटकन मागे वळून पाहिलं. मागे फक्त तिची नात इख्लास होती, वहीत काहीतरी उतरवून घेत होती, आणि दाराशी पहारेकरी स्टुलावर बसून पेंगत होता. सोमवार होता. सोमवारी आणि गुरुवारी रहिमोचा रोजा असे, रमजान असो वा नसो, तरुणपणापासून. त्यामुळे दुपार झाली की कान थोडे हलके होतात, आवाज लांबून पण स्पष्ट येतात, हे तिला ठाऊक होतं. पण हा आवाज भुकेचा नव्हता. तो चित्रातून आला होता. आपण उगीच इथे आलो, असं तिला वाटलं. चित्रांत तिचा जीव कधीच रमला नव्हता. माणसाचं तोंड कागदावर काढावं हेच तिच्या मनाला पटत नसे. तरी इख्लास दोन दिवस मागे लागली होती. “लल्ला, चल ना गं. आपल्याच तेतुआन शहराची चित्रं आहेत, शंभर वर्षांपूर्वीची. परदेशी लोक काढून घेऊन गेले होते, आता दाखवायला आणलीयत. तुला तुझी गल्ली सापडेल.” आजीला ‘लल्ला’ म्हणायची या घरची पद्धत, आणि लल्लाला नातीला नाही म्हणता येत नसे. गल्ली सापडेल म्हणे! रहिमो मनात हसली होती. आणि आता ती गल्ली भिंतीवर टांगलेली होती.

काही शंकाच नव्हती. पायऱ्या उतरत जाणारी ती अरुंद वाट, दोन घरांच्या भिंतींना धरून ठेवणारी वरची कमान, पाणपोईच्या फरशीतला तो फुटका निळा तुकडा. तो म्हणजे एवढा जुना होता तर! लहानपणी ती त्या फटीत बोट घालून बसायची. डाव्या हाताला भट्टीचं बुटकं दार, इतकं बुटकं की सी मुफद्दल भट्टीवाला आत जाताना नमाजात वाकावा तसा वाकायचा. चित्रकाराने रंग पाण्यात भरपूर पातळ केले होते. भिंती ओल्या वाटत होत्या, सावली निळसर होऊन एका बाजूने दुसरीकडे ओघळली होती. माणसांना तोंडं अशी नव्हतीच, नुसते डाग, हे पाहून तिला जरा बरं वाटलं. एक मुलगी डोक्यावर फळी घेऊन पायऱ्या उतरत होती. फळीवर फडकं, फडक्याखाली उंचवटे. मुलीचा चेहरा म्हणजे मातकट रंगाचा एकच फटकारा, पण मान ताठ. फळी डोक्यावर असली की मान अशीच ठेवावी लागते. रहिमोची मान आपोआप ताठ झाली. भट्टीच्या दाराशी जमिनीवर आणखी तीन-चार फळ्या होत्या, त्यांवर भाजून झालेले गोल पाव, आणि त्या माणसाने, अल्ला त्याच्या नजरेचं भलं करो, पावांवरच्या खुणासुद्धा काढल्या होत्या. ब्रशच्या टोकाने टेकवलेल्या. एका फळीवरच्या पावांवर तीन ठिपके, एकीवरच्या पावांवर चंद्रकोर, एकीवर फुलीसारखं काहीतरी. प्रत्येक घराची आपली खूण, म्हणजे भाजून निघालेला पाव ज्याचा त्याच्या घरी जातो. रहिमोच्या घरची खूण दाराच्या किल्लीची होती. आई किल्लीचं टोक पिठात दाबायची, एक आडवी रेघ आणि खाली दोन दात. ती खूण चित्रात नव्हती. ती शोधत तिची नजर भट्टीच्या दारावरून उजवीकडे सरकली आणि थांबली.

दाराच्या बाजूला भिंतीत एक दगडी ओटा होता. त्यावर ओळीने पाच पाव ठेवले होते. त्या पाचांवर काहीच नव्हतं. ना ठिपके, ना कोर, ना किल्ली. चित्रकाराने तिथे कागद जवळजवळ कोराच सोडला होता, वरून फक्त पिवळ्या रंगाचा पातळ हात. खाली ओट्याला टेकून एक पांढरा डाग बसला होता, म्हणजे पायघोळ जेलाबा घातलेला म्हातारा, आणि त्याचा हात एका पावापर्यंत पोचला होता.

पाच. तिने पुन्हा मोजले. पाच.

जवळच्या बाकावर ती बसली. इख्लासने विचारलं, “लल्ला, बरं वाटत नाही का? रोजा सोडतेस का? पाणी आणू?” तिने मान हलवली. पाणी नको होतं. कसं सांगायचं या पोरीला, की आपल्याला कधीपासून वाटत आलंय की जगात एकच बिनखुणेचा पाव असतो, आणि तो आपण खाल्लाय. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. डोंगरातून लोक शहरात येऊन वेशीपाशी बसले होते, बाया लोकरीचे गोंडे लावलेल्या गवती टोप्यांखाली तोंड लपवून. पीठ म्हणजे निम्मं जव आणि निम्मं काय कोण जाणे. तरीही आई सात पाव करायची. आधी मोठे, मग लहान, मग तळहाताएवढे, पण सात. मग आईला ताप आला, आणि पंधरवडाभर पीठ मळणं, फळी भट्टीवर नेणं रहिमोकडे आलं. नऊ वर्षांची होती. तेव्हाच पहिल्यांदा आईने अंथरुणातून ते सांगितलं. सातवा का तसाच ठेवायचा, तेही सांगितलं, कुजबुजत. बिनखुणेचा पाव कुठल्याच घरी परत जात नाही. सी मुफद्दल तो ज्याला नाही त्याला देतो. कुणी दिला हे घेणाऱ्याला कळत नाही, देणाऱ्याला कुणी विचारत नाही. माझ्या आईने मला सांगितलं, तिच्या आईने तिला. बाहेर एक अक्षर काढलंस तर दिलेलं सगळं फुकट गेलं समज. रहिमोला त्या गुपिताचं केवढं अप्रूप वाटलं होतं! फळी घेऊन गल्लीतून उतरताना तिला वाटे, सगळ्या दारांच्या मागे साधी माणसं राहतात, आणि आमच्या घरात मात्र हे आहे. दोन दिवसांनी तिने बा अल्लालला पाणपोईच्या पायरीवर पाव खाताना पाहिलं. बा अल्लाल आंधळा होता, दर्ग्यामागच्या खोलीत राहायचा, कुराण पाठ होतं, पावलांवरून माणसं ओळखायचा. तो पाव कुरतडत नव्हता, तुकडा तोडून तळव्यावर ठेवून आधी त्याचा वास घ्यायचा. आमचाच, तिने ओळखलं. मग रोज ती त्याच्या बाजूने पाय न वाजवता जाऊ लागली.

पुढचं तिला कधीच सलग आठवत नसे. तुकडे होते. धाकटा भाऊ रात्रभर रडला होता, म्हणजे रडून दमला होता, आणि दमलेलं रडणं जास्त वाईट. सकाळी सहा पावांवर किल्ली दाबून झाली. सातवा समोर. किल्ली हातातच. पिठाचा आंबूस वास. आई आत कण्हत होती. मग किल्ली पिठात गेली, एक रेघ, दोन दात. इतकं सोपं होतं ते! सात पाव परत आले. सातवा तिने झग्याखाली पोटाशी धरला, गरम होता, पोट भाजलं, आणि गच्चीच्या जिन्यात बसून अर्धा भावाला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. भावाला दिला एवढंच जर असतं तर ती स्वतःला कधीतरी समजावू शकली असती. पण अर्धा तिने खाल्ला, आणि तो इतका गोड लागला की तसा पाव त्यानंतर कधी लागला नाही. आईने विचारलं, “सगळं नीट?” ती म्हणाली, “हो.” तिसऱ्या दिवशी गल्लीतून तिरडी गेली. पांढऱ्या कापडाखाली फार थोडं होतं. बायका दाराच्या फटीतून बघत होत्या आणि कुणीतरी म्हणालं, “या दिवसांत आणखी कशाने मरणार माणूस? भुकेनं गेला बिचारा बा अल्लाल.” बस. तेवढंच. कुणी म्हटलं, कुठल्या दारातून म्हटलं, तेही तिला ठाऊक नव्हतं. मोठी झाल्यावर तिने एका मौलवींना पडद्याआडून विचारलं होतं, नाव न सांगता. ते म्हणाले होते, वयात यायच्या आधीचं लेकराच्या वहीत लिहिलं जात नाही, मुली. तिने ते मानलं. मानणं डोक्यात राहिलं, पोटात उतरलं नाही. पोटाशी तो पाव अजून गरम होता. म्हणून रोजे. आणि म्हणूनच, आई जाताना हात धरून म्हणाली, “सातवा मोडू देऊ नकोस,” तेव्हा रहिमो हो म्हणाली आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत तिने एकदाही सातवा पाव केला नाही. आधी सबबी होत्या. नव्या वस्तीत घर घेतलं, गॅसची भट्टी आली, गुडघे धरले. खरं एवढंच होतं की तिच्या हातच्या बिनखुणेच्या पावावर तिला खूण दिसली असती.

आणि इथे ओट्यावर पाच पाव होते. ही मुलगी तिच्या आजीच्या वयाची असेल. पाच घरं तरी होती तेव्हा. मग त्या वर्षी किती होती? तो ओटा तिने कसा पाहिला नव्हता? पाहणार कसा? मुलींनी फळी ठेवायची आणि घरी यायचं, भट्टीपाशी रेंगाळायचं नाही. ओट्यावर काही असलंच तर ते घरोघरच्या बहुतेक फळ्या उचलून नेल्यावर. सबंध दिवस गल्लीत बसून राहायला माणूस परकाच हवा, ज्याला कुणी घरी बोलावत नाही. त्याला गुपित ठाऊक नव्हतं. त्याने नुसतं जे होतं ते काढलं.

“इख्लास,” ती उठत म्हणाली, “तू घरी जा. मी शमाकडे जाऊन येते.”

“आत्ता? रोज्यात? एवढ्या पायऱ्या?”

“पायऱ्या उतरायच्याच आहेत.”

शमा अजून गल्लीतच राहत होती, रहिमोच्या जुन्या घरासमोर. दोघी एकाच वर्षी जन्मल्या, एकाच वर्षी लग्नं झाली, एकाच वर्षी विधवा झाल्या. शमा म्हणायची, अल्लाने आपल्याला घाऊक भावात काढलंय. दार उघडून तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. “या! लिफ्टमध्ये राहणारी बाई पायी आली! काय, वीज गेली का तुमच्याकडे?”

“आत तर घे.”

“घेते की. सोमवार आहे, म्हणजे सूर्य बुडेपर्यंत तू माझं काही खाणार नाहीस. असला पाहुणा मला परवडतो.”

आत हरिऱ्याचं सूप शिजत होतं, कोथिंबिरीचा आणि टोमॅटोचा वास चौकभर पसरला होता. रहिमो गादीवर टेकली. काय विचारायचं ते येताना वाटेत तिने नीट जुळवलं होतं, ते सगळं विसरलं. पन्नास वर्षं न बोललेली गोष्ट कुठून धरून ओढायची ते कळेना. आईचं “कुणाला सांगू नकोस” दातांच्या मागे उभं होतं. शेवटी ती चित्राबद्दल बोलली. गल्ली कशी होती, फुटका निळा तुकडा कसा होता. शमाला गंमत वाटली. मग म्हणाली, “आणि भट्टीच्या बाजूला ओट्यावर पाव ठेवले होते. पाच. त्यांवर खूण नव्हती.”

शमाचा पळी धरलेला हात पातेल्यात तसाच राहिला.

“नव्हती?” ती म्हणाली.

“नव्हती.”

“काढणारा विसरला असेल.”

“बाकी सगळ्यांवर होती, शमा.”

मग शमाने आच कमी केली, हात पुसले आणि रहिमोकडे न बघता विचारलं, “तुमच्याकडे कितवा?”

रहिमोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा छातीत काहीतरी सरकलं, जड फडताळ भिंतीपासून सरकवावं तसं. “सातवा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे?”

“आठवा. आमच्यात खाणारी तोंडं जास्त.” आणि शमाने एकदम तोंडावर हात मारला. “हाय अल्ला! म्हणजे तुम्ही पण? आणि मी इतकी वर्षं तुमच्या घराकडे बघून म्हणायचे, चांगली माणसं आहेत, पण हात जरा आखडता आहे!”

“आणि मी तुम्हाला साधी माणसं समजायचे.”

“साधी? आम्ही? तुझ्या आईचं नाक तेवढं उंच होतं, गच्चीवरून दिसायचं.”

हसता हसता रहिमोचे डोळे भरले. हीच वेळ होती, पुढे ढकलली तर पुन्हा येणार नव्हती. तिने सांगितलं. किल्लीचं, जिन्याचं, अर्ध्या पावाचं, तिरडीचं. सांगताना आवाज इतका खाली गेला की शमा गादीवरून सरकत सरकत तिच्या गुडघ्याला येऊन टेकली. सांगून संपलं. मग शमाने विचारलं ते असं, की रहिमोने पन्नास वर्षांत कल्पना केलेल्या शंभर प्रश्नांत ते नव्हतं.

“कसा लागला गं?”

“काय?”

“पाव.”

“...गोड.”

“लागणारच. नऊ वर्षांची पोर आणि त्या वर्षीची भूक. गोड नाही लागला तर काय? आणि बा अल्लाल भुकेनं गेला म्हणून कुणी सांगितलं तुला?”

“दारातून कुणीतरी—”

“दारातून! त्याला आंघोळ कुणी घातली ठाऊक आहे? माझ्या अब्बांनी. त्या दिवसांत कुणी हात लावायला तयार नव्हतं, तापाची साथ होती, तुझी आई नव्हती का पडली त्याच तापाने? ती तरली, तो म्हातारा, तो गेला. अब्बा घरी आले ते दाराबाहेर कपडे जाळून आत आले आणि अम्मीला म्हणाले, त्याच्या कोनाड्यात तीन पाव तसेच पडलेत, सुकून दगड झालेत. तापात घास उतरत नव्हता त्याच्या. मी आडून ऐकत होते. अम्मीने त्यातला एक बघायला मागितला आणि ओळखला. आमच्या पिठात ती बडीशेप घालायची. बाकीचे दोन बघून ती रडायलाच लागली. मी विचारलं, हे कुणाचे? तर म्हणाली, ‘आपल्याशिवाय असा पाव कोण ठेवणार, पोरी? म्हणजे हे फरिश्त्यांनी आणले.’” शमाने कपाळावर हात मारला. “पन्नास वर्षं मी फरिश्ते धरून बसलेय! नातवंडांना गोष्ट सांगितलीय! आणि फरिश्ते कोण, तर असेल कमानीखालची ती तिरसट बाई नाहीतर कोपऱ्यावरचा शिंपी!”

“त्या दिवशीचा आमचा नव्हता त्यात,” रहिमो म्हणाली. बोलून टाकल्यावर तिलाच ते वेगळं ऐकू आलं. आमचा नव्हता. नव्हता, तरी तीन होते. तिच्या मनात इतकी वर्षं एक आंधळा म्हातारा पाणपोईच्या पायरीवर हात पुढे करून बसला होता, हाताखाली दगड होता, आणि तो तिच्या पावलांची वाट बघत होता. आता त्या हाताखाली पाव होता. कुणाचा का असेना. आपण पोचलो नाही तर पोचवणारे होते, ही केवढी साधी गोष्ट! आणि आपण काय धरून बसलो होतो? की अल्लाने त्या गल्लीला द्यायचं ते फक्त आमच्या दारातून पाठवलं, आमच्या किल्लीने कुलूप लावलं की सगळं बंद. एवढे रोजे केले, एवढ्या माळा ओढल्या, आणि त्या सगळ्याच्या तळाशी हा केवढा तोरा बसला होता. तिला लाज वाटली, पण ती लाज हलकी होती, धुतलेल्या कपड्यासारखी, जिचं काय करायचं ते माहीत असतं. पावाची चूक होती, ती राहील. माणूस मारल्याचं ओझं मात्र तिचं नव्हतंच कधी.

अजान झाली. शमाने तिच्या हातावर खजूर ठेवला. “घे. सोड. आणि आता मला सांग, आपण दोघींनी बोलून टाकलं, तर दिलेलं सगळं फुकट गेलं का?”

रहिमोने बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात ठेवला. विचार करत चघळला. “आपण दिलेलं आपण बोललो नाही,” ती म्हणाली. “चित्र बोललं.”

“वा गं मौलवीण,” शमा म्हणाली आणि दोन वाट्या भरल्या. हरिरा फार तिखट झाला होता. रहिमोने दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळची नमाज झाल्यावर तिने पीठ घेतलं. किल्ली कपाटात होती, सुरमेदाणीच्या मागे. जुनं घर दुसऱ्यांचं झालं, दाराला नवं कुलूप बसलं, पण ही किल्ली तिने कुणाला दिली नव्हती. पिठात मीठ घातलं, यीस्ट घातलं, आणि मग थोडं थांबून चिमूटभर बडीशेपही. सात गोळे थापून फळीवर ठेवले, फडक्याखाली फुगू दिले. इख्लास केस विंचरत आली आणि बघतच राहिली. “लल्ला, एवढे? आणि गॅस का नाही पेटवला?”

“भट्टीवर नेणार आहे.”

“गल्लीतल्या? ती चालू आहे अजून?”

“सी मुफद्दलचा पुतण्या चालवतो. शमा म्हणाली.”

इख्लासला किल्लीची गंमत वाटली. “मी करू?” रहिमोने किल्ली तिच्या हातात दिली. पोरीने जीभ दातांत धरून एक रेघ, दोन दात, एक रेघ, दोन दात असं केलं. पहिली वाकडी आली, मग हात बसला. सहावा झाला. किल्ली सातव्यावर गेली आणि रहिमोने तिचं मनगट धरलं, अगदी हलकं, पाणी भरलेला पेला धरावा तसं.

“सहा झाले ना? बस.”

“हा राहिला की.”

“हा तसाच.”

“का?”

रहिमोने तिच्याकडे पाहिलं. सतरा वर्षांची होती. तिच्या वहीत कालच्या चित्राची नक्कल होती, आणि त्या नकलेतल्या ओट्यावर पाच गोल होते, कोरे. पोरीने काढले होते, पण काही विचारलं नव्हतं. “संध्याकाळी सांगेन,” ती म्हणाली. “तोवर कुणाला सांगू नकोस.”

मग तिने फळीवर फडकं घातलं, चारी टोकं खाली खोचली. डोक्यावर घ्यायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून फळी कमरेवर घेतली, डोक्यावरची ओढणी सारखी केली. इख्लासने दार धरलं. लिफ्ट वर होती, यायला वेळ लागत होता. रहिमोने बिस्मिल्ला म्हटलं आणि जिन्याने उतरू लागली, एका हाताने कठडा धरून, पाय न वाजवता.